रेखांशांचे शून्य कोठे धरावे?

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या कुटुंबांत सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक हे नित्य वापराचे साधन असते. हे कोष्टक गावोगावी निराळे असावे लागते, ही गोष्ट सर्वांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचे कारण शोधण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. २१ मार्चच्या सुमारास, जेव्हा दिवस व रात्र समान असतात तेव्हा, नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. मुंबईचा एखादा व्यापारी त्या दिवसांत नागपुरास गेला आणि मुंबईच्या कोष्टकावर विसंबून भोजनास बसला, तर त्याचा चौविहार मोडलेला असतो. उलट, नागपूरचा गृहस्थ मुंबईत येऊन नागपूरच्या कोष्टकाप्रमाणे नवकारशी पारील, तर त्याच्या दोन घटिका पूर्ण होण्यास अद्याप २५ मिनिटे उरलेली असतात. दोन्ही शहरांतील घड्याळे मात्र तंतोतंत एकच वेळ दाखवीत असतात.

घड्याळ एक आणि सूर्य मात्र वेगळा, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीच्या गोलावर उत्तर-दक्षिण काढलेल्या त्या उभ्या रेषांत आहे, ज्यांना शाळेच्या भूगोलात रेखावृत्ते म्हणतात.

पृथ्वीवरील स्थान सांगण्यासाठी दोन आकडे लागतात. पहिला अक्षांशाचा. विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस आपण किती अंशांवर आहोत, हे तो सांगतो. दुसरा रेखांशाचा. तो पूर्व-पश्चिम स्थान सांगतो. वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटले, तरी त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्या फिरण्याचा आस असतो, आसाची दोन टोके म्हणजे दोन ध्रुव, आणि ध्रुवांच्या बरोबर मध्यभागी विषुववृत्त. म्हणजे अक्षांशांचे शून्य निसर्गानेच आखून दिलेले आहे. जगातील कोणत्याही देशाचा विद्वान स्वतंत्रपणे मोजमाप करू लागला, तरी त्यास विषुववृत्त त्याच जागी सापडेल. रेखावृत्तांचे तसे नाही. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत जाणारी प्रत्येक रेषा दुसऱ्या रेषेइतकीच लांब आणि तिच्याच योग्यतेची. एकीस शून्य म्हणावे आणि दुसरीस म्हणू नये, असे सांगणारी कोणतीही खूण निसर्गात नाही. ते शून्य माणसांनी आपसांत ठरवावे लागते.

हिशेबाची सवय असलेल्यांस ही अडचण चटकन उमजेल. वर्षाची खातेवही कोणत्या दिवशी उघडावी, हेही निसर्गाने सांगितलेले नाही. कोणी ती दिवाळीच्या पाडव्यास उघडतो, कोणी १ एप्रिलला. दोन्ही पद्धती निर्दोष आहेत. परंतु दोन भागीदारांपैकी एकाने पाडवा धरला आणि दुसऱ्याने एप्रिल, तर दोघांचे आकडे आपापल्या जागी खरे असूनही परस्परांशी जुळत नाहीत. रेखांशांच्या बाबतीत जगाचा व्यवहार शेकडो वर्षे असाच चालला होता.

रेखांश हा जागेचा आकडा दिसतो, पण तो वस्तुतः वेळेचा आकडा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंशांचा एक फेरा पुरा करते. म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एक अंश फिरण्यास ४ मिनिटे. आपल्या जुन्या कालगणनेत हा हिशेब अधिकच सुटसुटीत होता. अहोरात्राच्या घटिका ६०, म्हणून एका घटिकेत पृथ्वी ६ अंश फिरते आणि नवकारशीच्या दोन घटिकांत, म्हणजे ४८ मिनिटांत, १२ अंश. मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ५० कला पूर्व, नागपूरचे सुमारे ७९ अंश ५ कला. अंतर सव्वासहा अंशांचे. त्यास चारने गुणले की २५ मिनिटे येतात. आरंभी सांगितलेला सूर्यास्तांमधील फरक तो हाच.

याचाच उलटा उपयोग असा की, दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतील फरक एकाच क्षणी कळला, तर त्या ठिकाणांमधील रेखांशांचे अंतर कळते. प्राचीनांना हे ठाऊक होते. चंद्रग्रहण ही आकाशातील अशी घटना आहे की ती जेथून दिसते तेथे सर्वत्र एकाच क्षणी दिसते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस याने ग्रहणाच्या साहाय्याने रेखांश काढण्याची कल्पना मांडली. आपल्याकडील सूर्यसिद्धान्तातही हीच रीत दिली आहे. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेच्या नंतर ज्या गावी ग्रहण दिसेल ते गाव मध्यरेषेच्या पूर्वेस, आणि आधी दिसेल ते पश्चिमेस. या फरकास ‘देशांतर’ असे नाव आहे.

ती मध्यरेषा, म्हणजेच भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखावृत्त, उज्जयिनीवरून जात असे. सूर्यसिद्धान्तानुसार विषुववृत्तावरील लंका, अवंती म्हणजे उज्जयिनी, रोहीतक आणि कुरुक्षेत्र ही स्थाने त्या रेषेवर येतात. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कलांवर, तर कुरुक्षेत्र सुमारे ७६ अंश ५० कलांवर आहे. म्हणजे चूक एका अंशाची, वेळेच्या भाषेत चार मिनिटांची. घटिकापात्रांच्या काळातील मोजणीस ती भूषणावहच म्हटली पाहिजे. उज्जयिनी कर्कवृत्ताच्या अगदी निकट आहे आणि वराहमिहिरासारख्या ज्योतिर्विदांची ती कर्मभूमी होती. शिवाय ती मोठी व्यापारपेठही होती. भडोच बंदरातून परदेशी जाणारा बराच माल उज्जयिनीहून उतरत असे, अशी नोंद दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पुढे भारतीय ज्योतिष अरबांकडे गेले, त्याबरोबर ही मध्यरेषाही गेली आणि अरबी भूगोलात उज्जैनचे नाव ‘अरीन’ या रूपाने नांदू लागले.

अन्य देशांची शून्ये अर्थातच निराळी होती. टॉलेमीने आफ्रिकेच्या पश्चिमेकडील बेटांपासून मोजणीस आरंभ केला, कारण त्याच्या माहितीतील जग तेथे संपत होते. १६३४ साली फ्रान्सच्या तेराव्या लुई राजाने त्याच कॅनरी बेटांपैकी सर्वांत पश्चिमेकडील फेरो बेट हे शून्य ठरविले. पुढे फ्रेंचांनी पॅरिसची वेधशाळा धरली, इंग्रजांनी ग्रीनिचची. प्रत्येकाचे गणित आपापल्या जागी बरोबर होते, आणि जोवर प्रत्येक जण आपापल्या अंगणात वावरत होता, तोवर कोणाचे फारसे अडलेही नाही.

अडले ते समुद्रावर. भर समुद्रात अक्षांश काढणे अवघड नव्हते. रात्री ध्रुवताऱ्याची आणि दुपारी सूर्याची उंची मोजली की काम भागे. रेखांशास मात्र आधार सापडेना. जहाजावरची स्थानिक वेळ सूर्यावरून कळे, परंतु त्याच क्षणी मायदेशीच्या बंदरात किती वाजले आहेत, हे कळण्याचा मार्ग नव्हता. ग्रहणाची वाट पाहत कोणी समुद्रात थांबू शकत नाही. लंबकाचे घड्याळ हेलकाव्यांत निकामी होई, आणि थंडी-उष्णतेने त्याची चाल बिघडे. त्यामुळे कप्तान अंदाजाने जहाज हाकीत. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री सर क्लाउडस्ली शॉव्हेल या ब्रिटिश नौसेनापतीचा ताफा असाच स्थानाच्या चुकीच्या अंदाजाने इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर गेला. चार जहाजे बुडाली आणि चौदाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. नौसेनापतीही त्यांत होता.

१७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून पारितोषिक लावले. इंग्लंडपासून वेस्ट इंडिजपर्यंतच्या सफरीत रेखांशाची चूक अर्ध्या अंशाच्या आत ठेवील त्यास २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ५५ किलोमीटर, आणि वेळेच्या भाषेत अवघी दोन मिनिटे. चाळीस दिवसांच्या सफरीत दोन मिनिटे, म्हणजे दिवसास तीन सेकंद. त्या काळी जमिनीवर स्थिर उभी असलेली उत्तम घड्याळेही इतकी काटेकोर क्वचितच असत. मग ही अचूकता डोलत्या जहाजावर कोठून आणावी? मोठमोठ्या विद्वानांचा कल म्हणूनच आकाशाकडे होता. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र कोठे आहे हे मोजावे, आणि त्यावरून वेळ काढावी, असा त्यांचा मार्ग होता.

घड्याळाचा मार्ग धरला तो जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराने. १६९३ साली यॉर्कशायर परगण्यात जन्मलेला हा कारागीर कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. त्याने पहिले सागरी घड्याळ १७३५ साली पुरे केले. दुसरे केले, ते त्यास स्वतःलाच पसंत पडले नाही. तिसऱ्यावर त्याने एकोणीस वर्षे घालविली. अखेर १७५९ साली त्याने चौथे घड्याळ सिद्ध केले, ते जेमतेम तेरा सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे. हॅरिसनचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकास गेला. एक्याऐंशी दिवसांच्या अवधीत, त्याची रोजची ठरलेली चाल जमेस धरल्यावर, ते फक्त पाच सेकंद मागे पडले होते. १७६४ मध्ये बार्बाडोसच्या सफरीत पुन्हा चाचणी झाली. तेव्हाही चूक ४० सेकंदांच्या आतच राहिली, म्हणजे मर्यादेच्या एक-तृतीयांश.

एवढे होऊनही पूर्ण रक्कम त्याच्या हाती पडली नाही. पारितोषिक मंडळाने अटींमागून अटी घातल्या. १७६५ मध्ये घड्याळाची रचना उघड करवून व घड्याळे ताब्यात घेऊन निम्मे, म्हणजे १०,००० पौंड दिले. उरलेल्यासाठी वृद्ध हॅरिसनला राजे तिसरे जॉर्ज यांच्याकडे दाद मागावी लागली, आणि १७७३ साली, त्याच्या वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड मंजूर केले. तीन वर्षांनी तो निवर्तला. ठरावातले शब्द पाळले गेले की नाही, यावर आजही वाद होऊ शकतो. देणेकऱ्याने काम झाल्यावर अटी वाढवू नयेत, हा बाजाराचा साधा नियम त्या विद्वान मंडळाला पाळता आला नाही, एवढे मात्र निश्चित.

चंद्राचा मार्गही वाया गेला नाही. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्कलिन यांनी १७६७ या वर्षापासून नाविकांसाठी ‘नॉटिकल अल्मनॅक’ हे सागरी पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चंद्र व तारे यांमधील अंतरे त्यात आगाऊ गणित करून छापलेली असत, आणि ती सर्व ग्रीनिचच्या वेळेनुसार असत. जो नाविक हे पंचांग वापरी, त्याचा रेखांश आपोआप ग्रीनिचपासून मोजला जाई. पुढे घड्याळे स्वस्त झाली, तीही ग्रीनिचच्या वेळेलाच लावली जाऊ लागली. १८३३ पासून वेधशाळेच्या माथ्यावरचा एक मोठा गोळा दररोज दुपारी बरोबर एक वाजता खाली सोडण्यात येऊ लागला. थेम्स नदीतील जहाजांचे कप्तान तो पाहून आपली घड्याळे जुळवून घेत आणि तीच वेळ बरोबर घेऊन जगभर जात.

एखाद्या पेढीची हुंडी दूरदेशी विनातक्रार का स्वीकारली जाते? पेढीच्या इमारतीमुळे ती स्वीकारली जात नाही. पिढ्यानुपिढ्या मुदतीच्या दिवशी पैसे चुकते केल्याने जी पत साठते, तिच्यामुळे ती चालते. ग्रीनिचची पत याच प्रकारे वाढली. वर्षानुवर्षे न चुकता निघणारे पंचांग, त्यावर बेतलेले नकाशे आणि त्या नकाशांवर सुखरूप पोहोचलेली जहाजे हे तिचे भांडवल. अर्थात त्यामागे ब्रिटिश आरमाराचे व साम्राज्याचे बळ होते, हेही विसरून चालणार नाही. उज्जयिनीचे गणित कमी प्रतीचे होते म्हणून ते मागे पडले नाही. ज्या समुद्रांवर जगाचा व्यापार चालू होता, तेथे उज्जयिनीचे पंचांग घेऊन जाणारी जहाजे नव्हती.

ऑक्टोबर १८८४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टन येथे २५ देशांचे प्रतिनिधी एकत्र आले. सर्व जगाने कोणते एक रेखावृत्त शून्य मानावे, हा प्रश्न होता. फ्रेंच प्रतिनिधींचे म्हणणे असे की, शून्य कोणत्याही बड्या राष्ट्राच्या भूमीवरून जाऊ नये, ते महासागरातून न्यावे. तत्त्वतः हे म्हणणे न्याय्य होते. परंतु परिषदेपुढे आकडे आले ते असे : जगातील जहाजांच्या एकूण वहनक्षमतेपैकी ७२ टक्के जहाजे ग्रीनिचवर आधारलेले नकाशे वापरीत होती, पॅरिसवर आधारलेले ८ टक्के. ग्रीनिच स्वीकारल्यास सर्वांत थोड्यांना सर्वांत थोडी दुरुस्ती करावी लागणार होती. मतदानात २२ देश ग्रीनिचच्या बाजूने पडले, सॅन डोमिंगोने विरोध केला, फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. भारताच्या वतीने बोलणारा भारतीय तेथे कोणी नव्हता. ब्रिटिश शिष्टमंडळात लंडनच्या इंडिया कौन्सिलचे सदस्य लेफ्टनंट जनरल स्ट्रॅची मात्र होते. फ्रान्सने ग्रीनिचची वेळ १९११ साली स्वीकारली, तीही कायद्यात ग्रीनिचचे नाव न घेता. पॅरिसची वेळ ९ मिनिटे २१ सेकंद मागे घ्यावी, एवढेच त्या कायद्यात लिहिले.

असा अभिमान फ्रेंचांनाच होता असे नाही. त्या काळी हिंदुस्थानात निदान तीन वेळा चालत होत्या. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची सुमारे ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. रेल्वे मद्रासची वेळ पाळी. म्हणजे मुंबईच्या स्थानकातील वेळ गावातील वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. बाजारातले घड्याळ पाहून गाडी गाठावयास निघालेल्या माणसाला तीस मिनिटांचा हा हिशेब मनात करावाच लागे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी ८२ अंश ३० कला हे रेखावृत्त धरून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. देशाचा विस्तार सुमारे २९ रेखांशांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा असल्याने मधली रेषा निवडणे सोयीचे होते. मुंबईस मात्र आपली घड्याळे ३९ मिनिटे पुढे करावी लागणार होती, आणि परक्या सरकारने लादलेली वेळ मुंबईकरांस रुचली नाही. ‘बॉम्बे टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ अशा दोन वेळा त्या शहरात दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. कलकत्त्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईची १९५५ पर्यंत टिकली.

रेखांशांचा हा व्यवहार आता रूढ झाला असला, तरी त्यातील जोखीम संपलेली नाही. बँकिंगच्या इतिहासात तिचे एक ठळक उदाहरण आहे. २६ जून १९७४ रोजी कोलोन येथील हर्स्टॅट या बँकेचा परवाना जर्मन अधिकाऱ्यांनी दुपारी साडेतीनच्या सुमारास रद्द केला. त्या दिवशी अनेक बँकांनी हर्स्टॅटशी मार्क देऊन डॉलर घेण्याचे सौदे केलेले होते. मार्क जर्मनीत दुपारपर्यंत जमा झाले होते. त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये मात्र सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि डॉलर द्यावयाचे अद्याप बाकी होते. ते थांबविण्यात आले. एका बाजूचे देणे चुकते झाले आणि दुसऱ्या बाजूचे येणे बुडीत निघाले, ते केवळ मधल्या पाच तासांमुळे. परकीय चलनाच्या व्यवहारातील या जोखमीस पुढे हर्स्टॅटचेच नाव पडले. दोन्ही बाजूंची देणी एकाच वेळी चुकती करणारी सीएलएस ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००२ साली सुरू झाली, तिच्यामागे हा अनुभव होता. परदेशाशी उलाढाल करणाऱ्या व्यापाऱ्याने ‘आजच्या तारखेस’ असे शब्द करारात घालताना कोणत्या शहराची तारीख, हे स्पष्ट लिहून घ्यावे, ते यासाठीच.

शून्याच्या बरोबर पाठीमागे १८० अंशांचे रेखावृत्त येते आणि तेथे तारीख बदलते. तीही रेषा माणसांनी आपल्या सोयीने वळविली आहे. प्रशांत महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्राने १८९२ साली अमेरिकेशी व्यापार सुलभ व्हावा म्हणून स्वतःस तारखेच्या एका बाजूस घेतले. पुढे त्याचा व्यापार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी वाढला. सामोआत शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुट्टी, आणि तिकडे सोमवारी बाजार उघडला की इकडे रविवार. आठवड्यातील कामाचे चारच दिवस जुळत. अखेर २०११ साली सामोआने बाजू पुन्हा बदलली. २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि लगेच ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. त्या देशाच्या इतिहासात ३० डिसेंबर २०११ हा दिवस नाही.

ग्रीनिचचे शून्य तरी अढळ असावे, असे वाटेल. वेधशाळेच्या आवारात धातूची पट्टी बसवून ती रेषा दाखविली आहे. पर्यटक तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून छायाचित्रे काढून घेतात. मात्र हातातील मोबाइल तेथे शून्य रेखांश दाखवीत नाही. त्यासाठी पूर्वेस सुमारे १०२ मीटर चालत जावे लागते. जुनी रेषा दुर्बिणीने ताऱ्यांकडे पाहून व ओळंब्याच्या आधाराने ठरविलेली होती, आणि स्थानिक गुरुत्वाकर्षणामुळे ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे तंतोतंत रोखलेला नसतो. उपग्रहांवरून होणारी नवी मोजणी केंद्रापासूनच सुरू होते, म्हणून हा फरक पडला. जगाने नवी रेषा स्वीकारली, जुनी पट्टी जागेवर राहू दिली, आणि व्यवहार अडला नाही. करारातील आरंभबिंदू सर्वसंमतीने सुधारता येतो. विषुववृत्त असे हलविता आले नसते.

कुटुंबातील मुलांकडून रेखांशांचा हा विषय पक्का करून घ्यावयाचा असेल, तर एक सोपे गणित आहे. आपल्या गावाचे रेखांश मोबाइलवर पाहावेत आणि ते ८२ अंश ३० कलांमधून वजा करावेत. बाकी येईल तिला चारने गुणावे. जितकी मिनिटे येतील तितका वेळ आपल्या गावचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या मागे असतो. मुंबईसाठी हे उत्तर ३९ मिनिटे येते, पुण्यासाठी सुमारे ३५, कोल्हापूरसाठी ३३, नागपूरसाठी १४. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी, यात ऋतुमानाप्रमाणे पाव तासापर्यंत कमीअधिक होते. मग अंगणात एक काठी उभी रोवून तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांनी घड्याळात पाहून टिपून ठेवावे. दर महिन्याच्या एकाच तारखेस अशी नोंद करीत गेल्यास वर्षअखेर त्यांच्याजवळ आपल्या गावच्या मध्यान्हाचे स्वतः तयार केलेले कोष्टक असेल, आणि छापील कोष्टकाशी ते ताडून पाहता येईल.